बजरीगर पक्ष्याचा विश्वास : पलायन-अंतर, अभिसंधान आणि संगोपन

शिरोळ, जयसिंगपूर, कुरुंदवाड या परिसरातील ज्या घरांत सोप्यावर किंवा खिडकीपाशी रंगीत पक्ष्यांचा पिंजरा टांगलेला असतो, तेथे पक्ष्यांचे नाव विचारले असता बहुधा ‘लव्हबर्ड’ असे उत्तर मिळते. हे उत्तर चुकीचे आहे. लव्हबर्ड या नावाने ओळखला जाणारा आखूड शेपटीचा पोपट आफ्रिकेतील असून त्याची प्रजाती अ‍ॅगापोर्निस ही होय. आपल्याकडे त्या नावाने विकला जाणारा, लांब निमुळत्या शेपटीचा, पाठीवर काळ्या लहरींची नक्षी असलेला पक्षी म्हणजे ऑस्ट्रेलियातील बजरीगर, शास्त्रीय नाव मेलोप्सिटॅकस अंड्युलेटस. नावाचा हा घोटाळा वरवर निरुपद्रवी वाटतो. परंतु त्याचे परिणाम पक्ष्याला भोगावे लागतात. ‘प्रेमपक्षी’ म्हटल्यावर नर-मादीची जोडी आणावयाची, पिंजऱ्यात मडके टांगावयाचे, आणि दोघे एकमेकांत रमले म्हणजे माणसाने लक्ष घालण्याचे कारण उरले नाही, अशी समजूत आपोआपच रूढ होते. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहूनही माणसाचा हात आत येताच गजांवर आपटणारे पक्षी अनेक घरांत आढळतात, त्याचे मूळ काही अंशी या समजुतीत आहे.

याउलट दुसऱ्या टोकाची समजूत अशी की, पक्षी ‘माणसाळवणे’ म्हणजे त्याला मुठीत धरून त्याची भीती मोडून काढणे. धरल्यावर दहा-वीस मिनिटांत पक्ष्याची धडपड थांबते, तो हातावर निश्चल बसतो, आणि पाहणारे समाधानाने म्हणतात, ‘झाला हाताशी’. हे समाधान कितपत सार्थ आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. विश्वास ही पक्ष्याच्या अंतःकरणातील वस्तू असल्याने तिचे मोजमाप करता येत नाही, असे मानण्याचे कारण नाही. निघून जाण्याची मोकळीक असताना पक्षी काय करतो, हे पाहिले म्हणजे तिची कसोटी लागते. ज्या पक्ष्याला जाताच येत नाही त्याच्या स्थिर बसण्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

बजरीगर भितो कशाला, हे समजण्यासाठी त्याचे मूळ जीवन लक्षात घेतले पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या शुष्क अंतर्भागात हे पक्षी थव्याने राहतात आणि पाऊस व गवताचे बी यांच्या मागोमाग भटकतात. जॉर्ज शॉ याने १८०५ मध्ये या जातीचे प्रथम वर्णन केले. जॉन गूल्ड याने १८४० मध्ये जिवंत पक्षी इंग्लंडला नेले आणि तेव्हापासून युरोपात त्यांची पैदास सुरू झाली. रानटी पक्ष्याचे वजन जेमतेम तीस ग्रॅमच्या आसपास, लांबी सुमारे १८ सेंटिमीटर, रंग हिरवा व पिवळा. निळा, पांढरा, करडा हे सारे रंग बंदिवासातील पैदाशीत निपजलेले आहेत. निळ्या रंगाचे कारण २०१७ मध्ये स्पष्ट झाले : पिवळे रंगद्रव्य तयार करणाऱ्या एका विकरातील एकच अमिनो आम्ल बदलल्याने पिवळा रंग लोपतो आणि पिसाच्या रचनेमुळे दिसणारा निळा रंग तेवढा शिल्लक राहतो. परंतु पिसांचा रंग बदलला तरी स्वभाव बदललेला नाही. दीडशे-पावणेदोनशे वर्षांची पैदास ही कुत्रा किंवा गाय यांच्या सहस्रावधी वर्षांच्या सहवासापुढे नगण्य होय. पिंजऱ्यातील बजरीगर हा मोठ्या अंशी अद्यापि ससाण्यांपासून जीव वाचविणाऱ्या पूर्वजांचाच वारस आहे.

त्याची ज्ञानेंद्रियेही या जीवनाला अनुरूप आहेत. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान न वळविता त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते; वरून येणाऱ्या सावलीची दखल तो तत्काळ घेतो. माणसाच्या डोळ्यात रंगग्राही शंकुपेशींचे तीन प्रकार असतात, बजरीगराच्या डोळ्यात चार; त्यांतील एक जंबुपार प्रकाशाला प्रतिसाद देतो. कपाळावरची पिवळी पिसे जंबुपार किरणे शोषून प्रतिदीप्त होतात आणि जोडीदार निवडताना या दीप्तीला महत्त्व असते, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखविले. तात्पर्य, पक्ष्याला दिसणारी खोली आणि त्याच्या मालकाला दिसणारी खोली या एक नव्हेत. डोक्यावरून आलेला हात मालकाच्या लेखी मायेचा असतो. पक्ष्याच्या लेखी तो शिकारी पक्ष्याच्या झडपेचा आकार असतो.

या संदर्भात स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर यांची एक संकल्पना विशेष उपयुक्त ठरते. बर्न, बाझल व झुरिक येथील प्राणिसंग्रहालयांचे संचालकपद भूषविलेल्या हेडिगर यांनी ‘पलायन-अंतर’ हे माप प्रचारात आणले. शत्रू ज्या अंतरावर येताच प्राणी पळू लागतो ते हे अंतर. हेडिगर यांच्या मते एखादा प्राणी माणसाळला याचा अर्थ माणसाच्या बाबतीत त्याचे पलायन-अंतर शून्यावर आले. या व्याख्येचा गुण असा की तीत प्राण्याच्या मनाविषयी कोणतेही गृहीतक नाही. आणि दोष म्हणावयाचा तर असा की, पिंजऱ्यातील पक्ष्याला ती सरळ लावता येत नाही. पलायन-अंतर दोन मीटरांचे आणि पिंजरा अर्ध्या मीटरचा असला, तर पक्षी सदैव स्वतःच्या भयरेषेच्या आतच जगत असतो. तो पळत नाही, कारण पळून जाण्यास जागा नसते. तेव्हा पळण्याऐवजी पळण्याची पूर्वचिन्हे पाहावी लागतात. पिसे अंगाशी घट्ट चिकटून शरीर एकाएकी बारीक व उंच दिसू लागणे, खाणे थांबणे, मान ताठ होणे, गजाच्या दूरच्या टोकाकडे सरकणे ही ती चिन्हे होत. उलटपक्षी पिसे सैल, एक पाय पोटाशी घेतलेला, चोच हलकेच घासल्याचा करकर आवाज, पंख साफ करण्यात मग्नता ही स्वस्थतेची लक्षणे. ज्या अंतरावर पहिल्या गटातील चिन्हे उमटतात ती त्या पक्ष्याची त्या दिवसाची सीमा. ती रोज बदलते, आणि सारे काम तिच्या बाहेर राहूनच करावयाचे असते.

आता मुठीत धरण्याच्या पद्धतीकडे वळू. भीतीदायक उद्दीपक पूर्ण तीव्रतेने समोर ठेवावयाचा आणि प्रतिक्रिया थकून थांबेपर्यंत सुटका द्यावयाची नाही, या पद्धतीस मानसशास्त्रात इंग्रजीत पुराचेच नाव आहे. शिरोळकरांना त्या नावाचे मर्म निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. धडपड थांबते हे खरे. पण ती का थांबते? मार्टिन सेलिगमन व स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, ज्या प्राण्यांना विद्युत्-धक्के टाळण्याचा कोणताही उपाय नव्हता, ते पुढे उपाय समोर असतानाही स्वस्थ पडून राहिले. या अवस्थेस त्यांनी ‘संपादित हतबलता’ म्हटले. प्रयोग क्रूर होते आणि आज ते तशा स्वरूपात कोणी करू धजणार नाही. परंतु त्यांची पुढची कथा अधिक उद्बोधक आहे. त्याच दोघांनी २०१६ मध्ये मज्जाशास्त्रीय पुराव्यांच्या आधारे आपल्या उपपत्तीची दिशाच उलटविली. दीर्घ यातनेपुढे निष्क्रिय होणे ही शिकलेली गोष्ट नसून मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे. शिकली जाते ती नियंत्रणाची जाणीव, म्हणजे ‘माझ्या कृतीने परिस्थिती बदलते’ ही खूणगाठ, असे त्यांचे नवे प्रतिपादन होय.

कुत्र्यांवरील प्रयोगाचा निष्कर्ष पक्ष्याला जसाच्या तसा लावणे धाडसाचे ठरेल. तथापि दिशा स्पष्ट आहे. मुठीतील निश्चल पक्षी शांत झाला आहे की हतबल, हे मुठीवरून ठरत नाही. मूठ उघडल्यावर आणि दुसऱ्या दिवशी तोच हात पुन्हा दिसल्यावर तो काय करतो, यावरून ठरते. बहुधा तो अधिकच दूर पळतो. वस्तुतः त्याला शिकवावयाचे असते ते नेमके उलटे : त्याने मान फिरविली तर हात थांबतो, तो सरकला तर हात मागे जातो, आणि तो पुढे आला तर राळे मिळते. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये माणसांच्या भयगंडांसाठी मांडलेली क्रमिक विसंवेदीकरणाची पद्धत याच जातीची आहे. भीतीचा विषय इतक्या सौम्य मात्रेत आणावयाचा की स्वस्थता मोडत नाही, आणि मग मात्रा पायरीपायरीने वाढवावयाची.

प्रत्यक्षात पहिला आठवडा काहीही न करण्याचा असतो, आणि उत्साही पालकाला हाच सर्वांत कठीण जातो. पिंजरा छातीच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला लागून, घरातील वर्दळ दिसेल पण अंगावर येणार नाही अशा जागी ठेवावा. चारी बाजूंनी उघडा पिंजरा पक्ष्याला पाठ टेकावयास जागा देत नाही. दाणापाणी रोज एकाच वेळी, एकाच क्रमाने, संथ हालचालींनी बदलावे. जवळ बसून वाचन किंवा निवडण-टिपण करावे. पक्ष्याकडे एकटक पाहू नये, कारण समोरून रोखलेले दोन डोळे ही शिकारी प्राण्याची खूण आहे. पालकाच्या उपस्थितीत पक्षी खाऊ लागला, पंख साफ करू लागला, म्हणजे पहिली पायरी झाली. या पायरीला कोणाला तीन दिवस लागतात, कोणाला तीन आठवडे. मोठ्या दालनात कळपाने वाढलेला प्रौढ पक्षी आणि घरट्याबाहेर नुकताच पडलेला पोर यांत मोठे अंतर असते. कपाळावरच्या आडव्या रेघा थेट चोचीच्या मुळापर्यंत आलेल्या असल्या तर तो पक्षी बहुधा तीन-चार महिन्यांच्या आतला आहे असे समजावे. पहिल्या पीसझडीनंतर त्या मागे हटतात.

दुसऱ्या पायरीवर राळ्याचे कणीस हाती येते. कणीस लांब असते, आणि हीच त्याची सोय होय. पक्षी टोकाशी आणि बोटे देठाशी असे वीतभर अंतर आरंभी राखता येते. प्रथम गजांबाहेरून, मग दारातून, मग आतून. दर दिवशी बोटे थोडी पुढे सरकतात. कणीस एरवी पिंजऱ्यात टांगून ठेवू नये. ते केवळ हातातूनच मिळावे. परंतु यावरून पक्ष्याला उपाशी ठेवावे असा अर्थ मुळीच काढू नये. कबुतरांवरील स्किनर यांच्या प्रयोगांत पक्ष्यांचे वजन मुद्दाम घटविलेले असे. घरगुती बजरीगराच्या बाबतीत ते अनुकरणीय नाही. इतक्या लहान देहाचा चयापचय वेगवान असतो आणि काही तासांची उपासमारही त्यास धोक्याची ठरू शकते. साधा दाणा सदैव उपलब्ध, आणि आवडीचे तेवढे हातात, इतका फरक प्रबलनास पुरतो.

प्रबलनाची वेळ हा साधक अभिसंधानाचा प्राण होय. इष्ट वर्तन आणि फळ यांत दोन-चार क्षणांचे अंतर पडले तर पक्षी भलत्याच कृतीशी फळाची सांगड घालतो. येथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. हात मागे घेणे हेही फळच आहे, आणि भित्र्या पक्ष्याच्या लेखी राळ्याहून मोठे. हात सीमेशी नेला, पक्षी क्षणभर स्वस्थ राहिला, आणि त्याच क्षणी हात मागे घेतला, तर स्वस्थ राहण्याने हात दूर जातो हे तो शिकतो. याउलट हात पुढे रेटत नेला, पक्ष्याने चावा घेतला आणि मग हात झटकून मागे आला, तर चाव्याने हात दूर जातो हे शिकणेही तितक्याच तत्परतेने घडते. ‘हा पक्षी चावरा आहे’ ही तक्रार बहुधा पालकानेच दिलेल्या शिक्षणाचे फलित असते. चाव्यापूर्वी पक्ष्याने ताठ मान, मागे सरकणे, उघडी चोच अशा तीन-चार भाषांत नकार कळविलेला असतो. त्यांतला एकही ऐकला गेला नाही म्हणून तो चोचीवर येतो. चावल्यावर ओरडणे, पिंजरा हलविणे, चोचीवर टिचकी मारणे हे उपाय केवळ निरुपयोगी नव्हेत, तर आठवड्यांचे काम एका क्षणात धुऊन टाकणारे आहेत.

पुढचे टप्पे तुलनेने सोपे. पक्षी हातातून खाऊ लागला की तर्जनी आडवी धरून पोटाखाली, पायांच्या किंचित वर आणावी. दोन बोटे पुढे व दोन मागे अशा रचनेचा त्याचा पाय आडवी काठी दिसताच ती पकडावयास सिद्ध असतो. पोटाला ढकलून चढविण्याची प्रथा आहे, पण राळे किंचित पलीकडे धरून त्याला स्वतःहून पाऊल टाकू देणे श्रेयस्कर; चढलेला पक्षी आणि चढविलेला पक्षी यांत या लेखातील सारा भेद साठविलेला आहे. पाच-सात मिनिटांचे दोन पाठ दिवसाला पुरतात.

पंख कातरण्याच्या प्रथेविषयी याच ठिकाणी लिहिणे योग्य. कातरलेला पक्षी लवकर ‘हाताशी’ येतो, हे खरे आहे. पण तो येतो ते उडता येत नाही म्हणून. विश्वासाची कसोटी ज्या मोकळिकीवर अवलंबून, तीच कात्रीने नाहीशी होते. शिवाय स्थूलता व पडून होणारी इजा हे तोटे वेगळेच. उडू द्यावयाचे तर खोलीचा बंदोबस्त आधी पाहिजे : खिडक्यांना जाळी, आरशावर कापड, आणि छताचा पंखा बंद. आपल्या घरांतील छताचा पंखा हा मोकळ्या पक्ष्याचा मोठा वैरी आहे.

एक पक्षी की दोन, या प्रश्नाचे उत्तर सोयीचे एक आणि न्याय्य दुसरे असे आहे. एकटा पक्षी लवकर माणसाळतो, कारण त्याला दुसरा थवा नसतो. परंतु ज्या घरातील माणसे सकाळी शेतावर, शाळेत वा कचेरीत जाऊन तिन्हीसांजेला परततात तेथे एकट्या पक्ष्याचा दिवस कसा जात असेल, याचा विचार झाला पाहिजे. हे पक्षी सतत साद घालीत असतात. एकत्र ठेवलेल्या पक्ष्यांच्या संपर्क-सादा काही आठवड्यांत एकमेकींसारख्या होत जातात, आणि जोडी जमताना नर मादीच्या सादेचे अनुकरण करतो, असे प्रयोगान्ती दिसून आले आहे. माणसाचे शब्द उच्चारण्याची त्यांची प्रसिद्ध शक्ती याच प्रवृत्तीची शाखा होय. कॅलिफोर्नियातील ‘पक’ नावाच्या बजरीगराची १,७२८ शब्दांची नोंद गिनेस ग्रंथात झाली आहे. मराठीत ‘पोपटपंची’ हा शब्द निंदाव्यंजक आहे. परंतु पक्ष्याच्या बाजूने पाहिले असता आवाजाचे अनुकरण म्हणजे ‘मी तुमच्या थव्यातला’ हे सांगणे होय. दोन पक्षी ठेवल्याने काम लांबते, पण अडत नाही. धीट पक्षी बोटावर जाऊन खातो हे दुसरा पाहतो आणि कालांतराने तोही येतो.

येथवरचे विवेचन निरोगी पक्षी गृहीत धरून झाले. ते गृहीत धरणे सोपे नाही, कारण हा पक्षी आजार लपवितो. थव्यातील दुर्बळ प्राणी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो. म्हणून अगदी शेवटच्या अवस्थेपर्यंत तो ताठ बसण्याचा प्रयत्न करतो. त्यानंतर तो पिसे फुलवून, डोळे मिटून, हाताला विरोध न करता बसतो, आणि कित्येकदा याच अवस्थेला माणसाळणे समजले जाते. कालपर्यंत पळणारा पक्षी आज एकाएकी हातावर निवांत बसला तर आनंद मानण्यापूर्वी त्याचे वजन करावे. स्वयंपाकघरात वापरतात तसला ग्रॅम दाखविणारा काटा त्यास पुरतो, आणि काट्यावर स्वतःहून उभे राहण्याचे शिक्षण हे बोटावर चढण्याइतकेच सोपे आहे. चाळीस ग्रॅमच्या पक्ष्याचे चार ग्रॅम घटणे म्हणजे देहाचा दशांश घटणे. फुगलेल्या पिसांतून डोळ्यांना ते दिसत नाही.

आहाराबाबत शिरोळ-हातकणंगल्याकडच्या वाचकाला एक गंमत जाणवेल. बाजारात ‘पक्ष्यांचा दाणा’ म्हणून जे विकले जाते त्यातील मुख्य धान्य राळे होय. भोगीच्या दिवशी राळ्याचा भात करण्याची या भागातील रीत अद्यापि टिकून आहे. वर्षातून एकदा माणसाच्या ताटात आणि उरलेले दिवस पिंजऱ्यात, अशी त्या धान्याची स्थिती झाली आहे. राळे, वरी व बाजरी यांचे मिश्रण चांगले. पण केवळ कोरड्या बियांवर वाढलेल्या पक्ष्यात अ जीवनसत्त्व, कॅल्शियम व आयोडीन यांची उणीव हळूहळू निर्माण होते. आयोडीनच्या अभावी अवटु ग्रंथी वाढून श्वासाबरोबर बारीक किरकिर ऐकू येते, ही बजरीगरांची जुनी व्याधी. कोथिंबीर, किसलेले गाजर, शेवग्याचा कोवळा पाला, मोड आलेले राळे हे पदार्थ रोज थोडे द्यावेत आणि तासा-दोन तासांनी काढून टाकावेत. समुद्रफेन गजाला बांधून ठेवावा. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा, खारट पदार्थ वर्ज्य. पावसाळ्यात नदीकाठच्या दमट हवेत दाण्याला बुरशी लागते. कुबट वास येणारा दाणा, कितीही महागाचा असला तरी, फेकून देणे भाग आहे. ‘ऑस्ट्रेलियाचा पक्षी, त्याला पाणी लागत नाही’ असेही ऐकावयास मिळते. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केड व डायबास यांच्या प्रयोगांत हे पक्षी कोरड्या दाण्यावर कित्येक आठवडे पाण्याविना जगले, हे खरे. परंतु जगणे आणि सुखाने जगणे यांतील अंतर प्रयोगशाळेच्या नोंदवहीत येत नाही. ताजे पाणी रोज दिलेच पाहिजे.

मडक्याचा उल्लेख आरंभी आला. अंधारी पोकळी दिसणे हा मादीला अंडी घालण्याचा संकेत असतो. मडके कायमचे टांगलेले, दाणा मुबलक, आणि दिवस मोठा, असे असता ती एकामागून एक विणी काढते. प्रत्येक कवचासाठी लागणारे कॅल्शियम तिच्या हाडांतून जाते आणि अखेर अंडे अडकून ती दगावते. पैदास हा हेतू नसेल तर मडके काढून घेणे हा तिच्यावर करता येण्याजोगा सर्वांत स्वस्त उपकार होय. रात्रीची दहा-बारा तासांची अखंड झोपही याच कामी येते. जोडी म्हटली म्हणजे नर-मादीच पाहिजे असे नाही. दोन नर सहसा सलोख्याने नांदतात. चोचीच्या मुळाशी नाकपुड्यांभोवतीचा मांसल भाग प्रौढ नरात सामान्यतः निळा आणि मादीत फिका किंवा तपकिरी असतो. नराचा हा भाग तपकिरी होऊ लागला तर वृषणग्रंथीच्या अर्बुदाची शंका घ्यावी लागते.

हवेविषयी अधिक सावधानता हवी. पक्ष्याच्या फुफ्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते आणि वायुकोशांच्या साहाय्याने श्वास व उच्छ्वास दोन्ही वेळी वायूंची देवघेव चालू राहते. उड्डाणाला हे वरदान, पण विषारी वायूही तितक्याच कार्यक्षमतेने शोषला जातो. ब्रिटनच्या कोळसाखाणींत कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत धोक्याची खूण म्हणून नेले जात ते यामुळेच. न चिकटणाऱ्या लेपाचा तवा रिकामा राहून अति तापला तर त्यातून निघणारा वायू माणसाला जाणवण्यापूर्वी शेजारच्या खोलीतील पक्षी मरून पडतो. उदबत्ती, धूप, डासांची वडी यांचा धूर पिंजऱ्यापासून दूर ठेवावा. उलट बाजूनेही एक जपणूक आहे. क्लॅमिडिया सिटॅसाय या जीवाणूमुळे होणारा ज्वर पक्ष्यांकडून माणसास होतो. १९२९–३० मध्ये पोपटांच्या व्यापाराबरोबर त्याची साथ अनेक देशांत पसरली होती. वाळलेली विष्ठा झाडून उडविण्याऐवजी ओली करून पुसणे आणि नंतर हात धुणे एवढ्याने धोका पुष्कळ कमी होतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येईल. आपला देशी राघू १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याला पकडणे, विकणे वा पाळणे हा गुन्हा होय. बजरीगर परदेशी व पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात पैदा झालेला असल्याने त्याला तो निर्बंध लागू नाही. पण यातूनच एक करुण प्रकार उद्भवतो. जीवदयेचा संस्कार या तालुक्यात खोल रुजलेला आहे, आणि पिंजऱ्यातील पक्षी मोकळा करणे हे पुण्य मानले जाते. राघूच्या बाबतीत तो विचार समजण्यासारखा आहे. बजरीगराला मात्र शिरोळच्या उसाच्या फडात सोडणे म्हणजे त्याला कावळ्यांच्या व शिक्ऱ्यांच्या स्वाधीन करणे. त्याला येथील अन्न ठाऊक नाही, थवा नाही, आणि निळा-पिवळा रंग त्याला लपू देत नाही.

उरतो तो पुराचा प्रश्न, आणि शिरोळात तो गौण नाही. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमाचा हा तालुका २००५, २०१९ व २०२१ या वर्षी महापुराखाली गेला. घर सोडण्याची वेळ आली की माणसे, जनावरे, कागदपत्रे या क्रमाने हालचाल होते. पिंजरा शेवटी आठवतो. टांगलेला मोठा पिंजरा ट्रॅक्टरमध्ये वा नावेत नेता येत नाही, आणि घाबरलेल्या पक्ष्याला अंधारात, घाईत पकडावयाचे म्हणजे पंख मोडणे, निसटणे, किंवा केवळ भीतीने मरणे हे सारे संभवते. म्हणून लहान, झाकता येण्याजोगा प्रवासी पिंजरा उन्हाळ्यातच घरात आणावा आणि मोठ्या पिंजऱ्याच्या दाराशी, दार उघडे ठेवून, जोडून द्यावा. आत राळ्याचे कणीस बांधावे. आरंभी पक्षी मान लांबवून बाहेरूनच दाणा ओढतो. मग एक पाय आत टाकतो. काही दिवसांनी तो आत बसून खातो. दार मिटावयाचे ते क्षणभर, आणि तो स्वस्थ असतानाच उघडावयाचे. मग अर्धे मिनिट, मग पाच मिनिटे, मग पिंजरा उचलून सोप्यापर्यंत नेऊन परत. ज्येष्ठ लागेपर्यंत हा पाठ पक्का होतो. पुढे आषाढ-श्रावणात पाणी वाढल्याची दवंडी आली तर कणीस बांधून दार उघडावयाचे आणि पक्षी आत गेल्यावर मिटावयाचे, इतकेच काम उरते. बरोबर आठवड्याचा दाणा, पाण्याची बाटली आणि झाकण्यास जुने सुती लुगडे असावे. छावणीच्या गोंगाटात पक्षी पुन्हा हाताला बिचकू लागेल. घरी परतल्यावर त्याच्याबरोबर पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागतो, मात्र दुसऱ्या खेपेस दिवस कमी लागतात.